जेवताना टेप बंद

शिरोली फाट्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला की समजायचं, हंगाम सुरू झाला. कॅलेंडर बघायची गरज नाही. मागं दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर रचून रचून आभाळाला टेकवलेला ऊस, मागचा लाल कपडा कुठंतरी गळून पडलेला आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर कर्णे. गाणं असं की शेजारच्या गाडीची काच थरथरावी. परवा मी त्याच्यामागं अडकले. वारणानगरला एका कॉलेजात पीएच.डी.ची तोंडी परीक्षा घ्यायला निघाले होते आणि उशीर होत होता. हॉर्न वाजवून उपयोग नव्हता, कारण त्या बाबाला त्याच्याच गाण्यापुढं काही ऐकू येत नव्हतं. दोन शब्द सुनवावेत म्हणून काच खाली केली. आणि वास आला.

उसाचा गोडसर, जरासा आंबूस वास, आणि त्यात एमआयडीसीकडून आलेला जळक्या वाळूचा. लोखंडाचा रस साच्यात ओतला की साच्याची वाळू भाजते, तिचा तो वास. दोन शब्द सुनवायचे राहूनच गेले. जगातल्या बाकीच्यांना हे वास वेगवेगळे येत असतील. मला ते एकत्र आले की इंगळे बाई आठवतात. आणि आठवतात म्हणजे कशा, तर शेजारच्या सीटवर येऊन बसल्यासारख्या, पर्स मांडीवर, आणि तोंडानं चालू, ‘काय गं, ट्रॅक्टरच्या मागं मागं फिरायला पीएच.डी. केलीस व्हय?’

इंगळे बाई माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक, व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांना मॅडम म्हटलेलं खपायचं नाही. ‘मॅडम कापडाच्या दुकानात म्हणत्यात. मला बाई म्हण,’ असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. गाव कागलकडचं. वर्गात इंग्रजी असं बोलायच्या की पोरं वहीतून मान वर काढायची नाहीत, आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की, ‘वैशे, येड्यागत उभी काय हाईस, चल की!’ मी शिवाजी पेठेतली, माझा आवाजही उपजतच मोठा. आम्ही दोघी विभागाच्या व्हरांड्यात एखाद्या सिद्धांतावर बोलायला लागलो की शिपाई येऊन डोकावून जायचा, भांडण तर लागलं नाही ना म्हणून.

माझा विषय होता, मोठ्या कंपन्या आपली दिशा कशी ठरवतात. कागदावर त्याला भारदस्त नाव होतं, व्यूहात्मक व्यवस्थापन वगैरे. पेठेत सांगायची पंचाईत. शेजारच्या काकूंनी एकदा अडवलंच, ‘म्हंजे तू करतीस काय नेमकं?’ मी म्हटलं, ‘कंपनीचे लोक पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा विचार कसा करतात ते बघते.’ काकू म्हणाल्या, ‘ते करत्यात न्हवं? मग करू दे की. तू कशाला बघतीस?’ आणि पुन्हा गॅलरीतून फुटबॉलच्या मॅचला चाललेली पोरं मोजायला लागल्या.

खरं सांगायचं तर विषय बाईंचा होता. ऐन तरुणपणापासून तो त्यांच्या डोक्यात घर करून होता. पुस्तकं दोन तऱ्हेची. एक तऱ्हा म्हणते, कंपनी आजूबाजूला बघते, आपली ताकद जोखते, चार पर्याय मांडते, त्यातला एक निवडते आणि मग तो राबवते. सगळ्या चौकटी, त्यांच्यामध्ये बाण. दुसरी तऱ्हा म्हणते, छे, असं कुणी काही निवडत नाही. माणसं रोजचं काम करत राहतात, आणि मागं वळून बघितलं की कळतं, अरे, आपण ह्या दिशेनं आलो होय! बाईंना ह्या दोन्हींवर भरवसा नव्हता. त्यांना एखाद्या मोठ्या कंपनीत जाऊन बसायचं होतं आणि ठरताना बघायचं होतं. ठरून गेल्यावर नव्हे, ठरताना. पण असं कोण बसू देतं? इकडची तिकडची बरीच दारं ठोठावून झाली होती. आणि ज्या वर्षी शिरोलीतल्या एका बड्या ओतकाम कंपनीनं दार उघडलं, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात बाई निवृत्त होणार होत्या.

आमच्या वेळच्या नियमानं मार्गदर्शक निवृत्त झाला की विद्यार्थी दुसऱ्याच्या हाताखाली जायचा, आणि प्रबंधावर त्या दुसऱ्याचं नाव लागायचं. मी बाईंची शेवटची विद्यार्थिनी. उसाचा हंगाम लागला तेव्हा आम्ही कंपनीच्या गेटातून आत गेलो आणि उन्हाळा सरायच्या आत प्रबंध जमा करायचा होता. मला पदवीची एवढी पडली नव्हती. मला कव्हरवर त्यांचं नाव पाहिजे होतं. जन्मभर बाळगलेला प्रश्न आणि त्याच्या उत्तराच्या कव्हरवर भलत्याच माणसाचं नाव, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

स्कूटर बाईंची. पुढं त्या, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटच्या खालून अंबाडा बाहेर आलेला. मागं मी, मांडीवर पिशवी आणि पिशवीत टेपरेकॉर्डर. हायवेवर उसाच्या गाड्यांची रांग असायची आणि आम्ही ट्रॉलीच्या कडेकडेनं सरकायचो. एका सकाळी गाड्या ठप्प झाल्या तशा बाई मागं न बघता म्हणाल्या, ‘मागं बसून काय पूजा करतीस? ओढ की एक कांडं!’ मी म्हटलं, ‘बाई, आपण मुलाखतीला चाललोय.’ ‘मग? मुलाखतीला ऊस चालत न्हाय, असं कुठल्या पुस्तकात हाय?’ मी ओढला. चांगला शेंड्याला हिरवं वाढं-बिढं असलेला लांबलचक ऊस हातात आला आणि तो टाकून द्यायला जीव होईना. कंपनीच्या गेटवरच्या वॉचमननं वहीत नोंद करताना ऊस बघितला, आम्हाला बघितलं आणि गेट उघडलं. मला त्या सकाळचं ऊन आजही अंगावर जाणवतं.

कंपनीचे प्रमुख म्हणजे आप्पा. सगळी कंपनी त्यांना आप्पाच म्हणायची, अगदी इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळणारी मुलगीसुद्धा. घराणं लिंगायत, मूळ गाव सीमेपलीकडं, त्यामुळं मराठीत मध्येच कन्नड यायचं. बाईंना पहिल्या भेटीतच त्यांनी ‘अक्का’ करून टाकलं. पण हे सगळं टेप सुरू होईपर्यंत. मी बटण दाबलं की आप्पा खुर्चीत ताठ व्हायचे, घसा खाकरायचे आणि माहितीपत्रक वाचल्यासारखं बोलायला लागायचे. ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे उद्दिष्ट आहे. गुणवत्तेशी आम्ही कोणतीही तडजोड करत नाही.’ गंमत म्हणजे बाईही तशाच व्हायच्या. ‘आपल्या मते आगामी काळातील प्रमुख आव्हाने कोणती?’ मी दोघांकडं बघत बसायची. आत्ता पाच मिनिटांपूर्वी ही दोन माणसं वांग्याच्या भरताला कच्चं तेल पाहिजे का नको ह्यावर हमरीतुमरीवर आली होती!

दुपार झाली की भोंगा व्हायचा आणि आप्पा उठायचे. वरच्या मजल्यावर एक लांबलचक टेबल होतं. आप्पा, खरेदी, ओतकाम, हिशेब, विक्री, सगळ्या खात्यांचे प्रमुख तिथं एकत्र जेवायचे. डबे सगळे घरचे, आणि त्या टेबलाचा एकच कायदा होता. आपला डबा आपण खायचा नाही. डबा उघडायचा, मध्ये सरकवायचा आणि दुसऱ्याचा ओढायचा. खरेदीचे प्रमुख बागवान साहेब, पेठेतलेच आमच्या, मोठे थट्टेखोर. आप्पांच्या पंगतीला बसायचं म्हणून त्यांच्या घरून कामाच्या दिवशी कायम शाकाहारी डबा यायचा. ‘माझी बायको म्हणती, तुमच्या कंपनीनं माझा खिमा मारला,’ असं म्हणत ते आप्पांच्या घरची कडक भाकरी मोडायचे, आणि आप्पा त्यांच्या घरच्या डाळीवर तुटून पडायचे.

पहिल्या दिवशी मी टेप तशीच हातात घेऊन वर गेले होते. आप्पांनी ती बघितली. ‘अक्का, ते यंत्र हितं नको. हितलं बोलणं भाकरीसंगं पोटात.’ बाईंनी मान हलवली आणि तिथल्या तिथं आमच्यापुरता नियम घातला. जेवताना टेप बंद. आणि टेबलावरचं एक अक्षर कागदावर येणार नाही.

आता ऐका. ज्याच्यासाठी बाईंनी जन्म काढला होता, ते त्या टेबलावर होतं. सगळं. कंपनी कुठं जाणार, काय सोडणार, कुणाला पुढं करणार, हे भाजीच्या वाट्या इकडून तिकडं जाताना ठरायचं. कुणी भाषण करायचं नाही. कुणीतरी विषय काढायचा आणि आप्पा म्हणायचे, ‘बघू की.’ संपलं, तो विषय मेला. कधी आप्पा काहीच बोलायचे नाहीत, नुसतीच चटणी पुढं सरकवायचे, आणि आठ दिवसांनी त्या कामाला माणूस लागलेला असायचा. चौकटी नाहीत आणि बाण नाहीत. पण मागं वळून बघितल्यावरच कळावं असंही नाही. चांगलं कळत होतं सगळ्यांना, तिथं, त्या क्षणी, तोंडात घास असताना. बाई ताटावरून मान वर न करता ऐकायच्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटायचं की मी जेवायचं विसरायची. लहान मुलाला जत्रेत खांद्यावर घेतल्यावर दिसतं तसं काहीतरी.

त्या हंगामात टेबलावर एकच मोठी गोष्ट शिजत होती. नवीन कारखाना सीमेपलीकडं घालायचा का, इथंच? जागा, वीज, पाणी, सगळं पलीकडं सोपं होतं. आप्पांचं मूळ गावही तिकडचं. बागवान साहेब विरोधात. ‘आप्पा, तुमी जाशीला वो, तुमची मावशी-आत्या तिकडं हाय. माझं कोण हाय तिकडं? मला तर कानडीत शिव्या पण येत न्हाईत.’ सगळे हसले. आप्पाही हसले, पण हसून झाल्यावर त्यांनी भाकरीचा तुकडा बराच वेळ बोटांत धरून ठेवला. मग म्हणाले, ‘शिकीवतो की मी शिव्या.’ बागवान साहेबांनी डाळीची वाटी आप्पांच्याकडं सरकवली. ठरलं होतं.

बाईंनी टेबलाखालून माझा हात दाबला. इतका जोरात की बांगडी रुतली. ठरताना बघितलं होतं आम्ही.

त्याच दुपारी खाली, टेप सुरू करून, बाईंनी औपचारिक आवाजात प्रश्न विचारला आणि आप्पांनी औपचारिक आवाजात उत्तर दिलं, ‘असा कोणताही प्रस्ताव सध्या विचाराधीन नाही.’

झालं! आता काय लिहायचं? टेपवरचं लिहावं तर ते धडधडीत खोटं, आणि तेही माझ्या प्रबंधाच्या मुख्य प्रकरणात. टेबलावरचं लिहावं तर दिलेला शब्द मोडला. विभागाच्या व्हरांड्यात मी बाईंशी त्या दिवशी खरंच भांडले, शिपाई आला तरी थांबले नाही. म्हटलं, ‘कंपनीचं नाव घालायचं नाही. नुसतं “एक उद्योगसमूह” म्हणायचं. कुणाला कळणार आहे?’

‘कोल्लापुरात “एक उद्योगसमूह” म्हण आणि कुठल्याबी रिक्षावाल्याला इचार,’ बाई म्हणाल्या. ‘मालकाचं नाव सांगंल, आणि वर सोडून येऊ का म्हणंल.’

‘बाई, उन्हाळा आला. तुमचं नाव—’

‘माझं नाव काय पळून चाललंय व्हय?’ मग वर्गातल्या आवाजातही नाही आणि कागलच्याही नाही, अशा एका तिसऱ्याच आवाजात म्हणाल्या, ‘वैशे, त्या लोकांनी आपल्याला ताटात वाढलंय गं.’

मला रडू आलं. आणि रडताना माझा आवाज आणखीनच मोठा होतो.

बाई एकट्याच आप्पांना भेटून आल्या. आप्पा म्हणाले होते, ‘अक्का, दिवाळी होऊ दे. माझ्या कामगारांना माझ्या तोंडनं आधी कळू दे, पेपरातनं नको. मग टेपवर सगळं बोलतो, एक शब्द लपवत न्हाय.’ बाई ‘बरं’ म्हणाल्या. एवढंच. दिवाळी म्हणजे उन्हाळ्याच्या कितीतरी पलीकडं. ‘बरं’ म्हणायला त्यांना किती वेळ लागला असेल, हे मी पुढं पुष्कळदा मनात मोजून बघितलंय. बाईंना ओळखते म्हणून सांगते, काही वेळ लागला नसणार.

आमच्या दोघींच्या शेवटच्या मुलाखतीला गेलो तेव्हा हंगाम संपत आला होता. रस्त्यावर गाड्या तुरळक. परत येताना शेवटच्या उसाचा ट्रॅक्टर दिसला, केळीचे खुंट बांधून सजवलेला, पुढं हलगी, आणि ट्रॉलीवर पोरं गुलाल उधळत नाचत होती. बाईंनी स्कूटर कडेला घेतली. वारा आमच्या दिशेनं होता, गुलाल आमच्यावरही पडला. ‘संपला बघ हंगाम,’ बाई म्हणाल्या आणि हेल्मेटची काच पदरानं पुसली. गुलालानं ती आणखीच लाल झाली. तशाच लाल काचेतून बघत त्यांनी मला पेठेच्या तोंडापर्यंत आणून सोडलं.

उन्हाळ्यात नारळ, शाल, भाषणं. दिवाळी झाली, आप्पांनी कामगारांपुढं उभं राहून सांगितलं, आणि मग दिलेल्या शब्दाला जागून टेपवरही बोलले. तोवर बाईंना मुलाखतीला यायचा अधिकार राहिला नव्हता. मी एकटीच गेले, बसनं. प्रबंध पुढच्या हंगामात जमा झाला. कव्हरवर नाव दुसऱ्या सरांचं. चांगले होते सर, माझी तक्रार नाही. मी एक प्रत बाईंना नेऊन दिली. त्यांनी कव्हरवरून हात फिरवला, डावीकडून उजवीकडं, आणि नाव छापलेल्या जागेवर हात जरा रेंगाळला. मी बघत होते म्हणून लगेच उचलला. ‘कव्हर कोण वाचतंय गं,’ म्हणाल्या. ‘आत काय लिवलंयस ते बघू दे.’ आणि चष्मा शोधायला आतल्या खोलीत गेल्या. चष्मा त्यांच्या डोक्यावरच होता. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

हे सगळं त्या ट्रॅक्टरच्या मागं, काच खाली करून, आठवत बसले होते. वारणानगरला पोचायला उशीर झालाच. परीक्षेला बसलेला मुलगा हुशार. पडद्यावर चौकटी, बाण, रंग, सगळं चोख. एका मोठ्या कंपनीच्या धोरणांवर काम होतं त्याचं, मुलाखती मोबाइलवर घेतलेल्या. मी एकच प्रश्न विचारला, ‘ही माणसं जेवतात कुठं?’ तो पडद्यावरच्या चौकटींत शोधायला लागला. शेजारचे परीक्षक हसले, त्यांना वाटलं मला भूक लागली. त्यांचंही अगदीच चुकलं नव्हतं.

आप्पा कारखान्याबरोबर पलीकडं गेले ते गेलेच. इथल्या इमारतीत वरच्या मजल्यावर आता प्रशिक्षणाची खोली केली आहे म्हणे, आणि ते टेबल कुठं गेलं कुणाला माहीत नाही. बागवान साहेब मात्र गेले नाहीत, इथंच निवृत्त झाले. अधूनमधून संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर भेटतात. म्हैस उभी, समोर धार काढून देतात, ते दूध उभ्या उभ्या प्यायला ते येतात. ह्या दिवाळीच्या सुमाराला भेटले तेव्हा मी तब्येत विचारली. ओठावरचा फेस पुसत म्हणाले, ‘बरं हाय की. जेवण जात न्हाय फक्त. आता आपलाच डबा आपणच खायचा. त्यात काय चव?’ मग बाईंचा विषय निघाला आणि आम्ही दोघं म्हशीकडं बघत उभे राहिलो.

बाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. झोपेत, त्रास न होता. सगळे म्हणाले, सुटल्या. मला नाही तसं वाटलं. मला राग आला. अजून येतो. फोन करून ‘आज कुठली भाजी?’ विचारणारं माणूस जगातून जातं आणि जग आपलं चालूच राहतं, ह्याचा राग येणार नाही तर काय? त्यांच्या माघारी माझ्या लक्षात आलं, माझ्याकडं त्यांचा फोटो आहे, निरोप समारंभातला, शालीत गुदमरलेला. त्यांचा आवाज म्हणाल तर त्या जुन्या मुलाखतींच्या टेपा. त्या लावून बघायचं धाडस होत नव्हतं. आणि लावून काय ऐकणार? ‘आपल्या मते आगामी काळातील प्रमुख आव्हाने.’ ती माझी बाई नव्हेच. माझी बाई टेप बंद झाल्यावर सुरू व्हायची. जो आवाज मला पाहिजे होता त्याच्या बरोबर तोंडावर, नियमाप्रमाणं, मी स्वतःच्या हातानं बटण दाबत आले होते.

सध्या माझ्याकडं ऋतुजा नावाची मुलगी पीएच.डी. करते. विषय तोच, मोठ्या कंपन्या आणि त्यांच्या दिशा. हंगाम बदलतात, विषय तेच. जुन्या मुलाखतींशी तुलना करायची म्हणून तिनं माझ्या टेपा मागून नेल्या आणि आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. आता कंपनी बघणाऱ्या आप्पांच्या मुलानं तशी रीतसर परवानगी दिली होती. वारणानगरहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, ती माझ्या खोलीत आली.

‘मॅडम, एक विचारायचं होतं. बहुतेक टेपांच्या शेवटी त्या बाई काहीतरी बोलतात. मुलाखतीशी संबंध नाही त्याचा. डेटा नाही तो. मी ते सगळे तुकडे कापून बाजूला ठेवलेत. डिलीट करू?’

मला आधी कळेचना. ‘कसले तुकडे?’

‘ऐकवते ना.’ तिनं सगळे तुकडे एकामागून एक जोडले होते. बटण दाबलं.

‘बंद कर गं ते, भाकरी निवत्यात.’ खट्.

‘वैशे, बंद कर आता. आप्पांच्याकडनं गव्हाची हुग्गी आलीया.’ खट्.

‘अगं बास की! बागवान साहेबांचा जीव जाईल हितं, बंद कर.’ आणि मागं, जेवायला बोलवायला आलेल्या बागवान साहेबांचं हसू, अर्धंच. खट्.

‘बंद कर, बंद कर. तू काय जेवणार न्हाईस व्हय? वाळलीयास बघ कशी.’ खट्.

बटण मी दाबलं होतं, पण ते दाबायला सांगणाऱ्या बाई तर बटणाच्या अलीकडं होत्या. इतकी वर्षं कपाटात होत्या, आणि दर टेपेला मला एकच सांगत होत्या, चल, जेवायला चल. व्यूहात्मक व्यवस्थापनाचा एक शब्द नाही. मी टेबलाची कड धरून ठेवली. ऋतुजा घाबरली, ‘मॅडम, बंद करू का?’ म्हणाली. मी नको म्हणून हात केला.

शेवटचा तुकडा आला. तो आमच्या दोघींच्या शेवटच्या मुलाखतीचा, गुलाल पडला त्या दिवसाचा. टेपवर आप्पांचं वाक्य संपतं, खुर्ची सरकते, आणि मग बाई, अगदी हळू, ‘ऱ्हाऊ दे वैशे. मिळालं तेवढं लई झालं. बंद कर. चल, जेवून घेऊ.’

खट्.

पुढं नुसती खरखर होती. मी ती संपेपर्यंत ऐकली. मग लॅपटॉप मिटला.

‘डिलीट नाही करायचं,’ मी म्हटलं. आवाज मोठा झाला होता, बाहेरून शिपाई डोकावून गेला. ‘डबा आणलायस?’

‘हो, पण मी नंतर—’

‘आण हिकडं.’

तिनं बॅगेतून डबा काढला, उघडला आणि पोरगी आपला डबा आपल्यापुढं घेऊन बसली. मी माझा डबा उघडून तिच्यापुढं सरकवला आणि तिचा माझ्याकडं ओढला. दोडक्याची भाजी होती. बाईंना दोडका मुळीच आवडायचा नाही, पण वाढला तर सगळा संपवायच्या.